प्रयोगशाळेतल्या हाडाची वाट पाहायची का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : एका वाचक भगिनींच्या थोरल्या भावाला, वय ३४, आठ महिन्यांपूर्वी अपघात झाला. उजव्या नडगीचं हाड चेचलं गेलं, जखम उघडी होती, पुढे जंतुसंसर्ग झाला. दोनदा ऑपरेशन करून मेलेलं हाड काढून टाकावं लागलं. आता नडगीच्या मधोमध ७ सेंटीमीटरची गॅप आहे आणि पाय बाहेरून लावलेल्या फ्रेममध्ये आहे. सर्जननी दोन मार्ग सांगितलेत: रिंग लावून हाड हळूहळू सरकवत नेणं, किंवा आधी सिमेंट ठेवून काही आठवड्यांनी तिथे कमरेचं हाड भरणं. दोन्हींत वर्षभर तरी जाईल. दरम्यान या ताईंनी वाचलं, की रुग्णाच्याच पेशींपासून हाड तयार करता येतं आणि एका तरुणाच्या नडगीत थ्रीडी प्रिंट केलेला सांगाडा (नव्या हाडाला धरून वाढायला दिलेला जाळीदार आधार) बसवलाही आहे. ‘जुन्या पद्धतीने पायाची वाट लावून घेण्यापेक्षा दोन-तीन वर्षं कळ काढू. थांबलो तर नुकसान काहीच नाही,’ असं त्यांना वाटतं. एका खासगी केंद्राने ‘स्टेम सेल आणि सांगाडा’ असं पॅकेज देऊ केलंय, आगाऊ रक्कम महिनाअखेरपर्यंत भरायची आहे. भावाने सर्जनना एकदा ‘पाय काढून टाकला तर?’ असं विचारलं, तेव्हा घरच्यांनी त्याला गप्प केलं. त्याची सिगारेटही पुन्हा सुरू झाली आहे. ताईंचा आणखी एक प्रश्न आहे: ‘माझं हाड दादाला देता येईल का?’

ताई,

तुमचं पत्र अभ्यास करून लिहिलेलं आहे आणि प्रश्न नेमके आहेत. फक्त ‘थांबलो तर नुकसान काहीच नाही’ हे एक वाक्य तुम्ही तपासून न पाहता लिहिलंय, आणि तुमचा सगळा बेत त्याच वाक्यावर उभा आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते. मी हाडांची डॉक्टर असले तरी तुमच्या दादांचा पाय मी पाहिलेला नाही. त्यामुळे अमुक ऑपरेशन करा असं मी सांगणार नाही. ठरवायचं कसं, एवढंच बोलू.

आपण निर्णय पुढे ढकलला म्हणून फ्रेममधला पाय आहे तसा राहत नाही. हाड त्याच्यावर पडणाऱ्या भारानुसार स्वतःला घडवतं, हे जर्मन सर्जन युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. भार पडायचा थांबला की हाड विरळ होत जातं. पोटरी वाळते. घोटा खाली झुकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग तो सरळ करायला वेगळं ऑपरेशन लागू शकतं. पिनांच्या भोकांतून जंतूंना आत शिरायची वाट रोज उघडी असते, आणि ज्या हाडात एकदा संसर्ग होऊन गेला तिथे तो वर्षानुवर्षं दबा धरून राहू शकतो. समजा, तीन वर्षांनी तुम्हाला हवं ते हाड खरंच मिळालं. ते बसवायला तेव्हा पाय कसा असेल? थांबणं हाही उपचाराचाच एक निर्णय आहे आणि त्याचेही दुष्परिणाम असतात, फक्त त्यांचं संमतीपत्र कोणी सहीला पुढे करत नाही.

आता मूळ मुद्दा. साधं फ्रॅक्चर आपणहून जुळतं. तुटलेल्या टोकांमध्ये रक्त साकळतं, त्यात पेशी येतात, आधी मऊ कूर्चा आणि मग कठीण हाड तयार होतं. व्रण न ठेवता पुन्हा पहिल्यासारखी ऊती घडवणं शरीरात फार थोड्या अवयवांना जमतं, हाड त्यांतलं एक. पण या ताकदीला मर्यादा आहे. मोठ्या माणसाच्या लांब हाडात साधारण २ सेंटीमीटरपेक्षा लांब, आणि परिघाचा निम्म्याहून जास्त भाग गेलेली पोकळी आपणहून भरत नाही, असं ढोबळमानाने धरतात. भोवतीचं मांस, त्वचा, रक्तपुरवठा जसा असेल तशी ही मर्यादा खालीवर होते. दादांची गॅप ७ सेंटीमीटर आहे आणि नडगीच्या पुढच्या बाजूला मुळात मांस जवळजवळ नसतंच.

अशी पोकळी एक्स-रेवर पाहिली की कोणाच्याही मनात येतं, इथे काहीतरी भरायला हवं. भरायला साहित्य पुष्कळ आहे. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट ही सिरॅमिक्स आहेत, लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये तयार केलेलं बायोग्लास आहे, दोन-तीन वर्षांत हळूहळू विरघळणारी पॉलिकॅप्रोलॅक्टोनसारखी प्लास्टिकं आहेत. सीटी स्कॅनवरून पोकळीच्या नेमक्या मापाचा, हव्या तेवढ्या छिद्रांचा जाळीदार सांगाडा छापणं आता फार अवघड राहिलेलं नाही. पेशी मात्र रक्ताच्या केशवाहिनीपासून साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आतच नीट जगते, त्यापलीकडे प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. नडगीच्या जाडीच्या सांगाड्यात मधोमध पेशी पेरल्या, तर तिथून जवळात जवळची रक्तवाहिनी दहा-बारा मिलिमीटरवर असते. नव्या केशवाहिन्या बाहेरून आत वाढतात खऱ्या, पण दिवसाला मिलिमीटरचा काही अंश इतक्या धीम्या. त्या मध्यापर्यंत पोहोचेतोवर तिथल्या पेशी मेलेल्या असतात. लहान पोकळीत हे निभावतं, सात सेंटीमीटरला निभावत नाही. टिश्यू इंजिनिअरिंगच्या, म्हणजे पेशी आणि सांगाडा वापरून ऊती घडवण्याच्या, बातम्यांमध्ये सांगाड्याचे फोटो असतात, पेशींचं कौतुक असतं, आणि रक्ताचं काय केलं हे बहुधा शेवटच्या परिच्छेदात असतं. वाचताना तो परिच्छेद आधी शोधा.

हे डोक्यात ठेवून सर्जननी सुचवलेल्या दोन ‘जुन्या’ पद्धतींकडे पुन्हा बघा.

रिंगची पद्धत गाव्रिल इलिझारोव्ह यांची. सायबेरियातल्या कुर्गान शहरात १९५० च्या दशकात त्यांनी ती विकसित केली. पोकळीपासून दूर, निरोगी भागात हाड जपून कापतात. आठवडाभर थांबतात. मग सुटा झालेला तुकडा दिवसाला १ मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटर असा चार वेळा, पोकळीच्या दिशेने सरकवतात. तुकड्याच्या मागे जी फट पडत जाते तिच्यात नवं हाड तयार होतं आणि त्या ताणाबरोबर रक्तवाहिन्याही वाढतात. म्हणजे जे सांगाड्यात जमत नाही ते इथे आपोआप होतं, कारण हाड आणि रक्त एकाच वेगाने पुढे सरकतात. ७ सेंटीमीटर सरकायला ७० दिवस. पुढे ते हाड टणक व्हायला बराच वेळ लागतो. एका सेंटीमीटरमागे साधारण दीड महिना फ्रेम, असा हिशोब धरला तर दहा-अकरा महिने होतात. हे सुखाचं नसतं. पिनांभोवती पू होणं नेहमीचं. झोप नीट लागत नाही. शेवटी दोन टोकं जिथे भेटतात तिथे हाड चटकन जुळत नाही, अनेकदा तिथे थोडं बोन ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून घेतलेलं हाड, घालावं लागतं. सर्जन ‘वर्षभर’ म्हणाले ते या सगळ्यामुळे.

दुसरी पद्धत फ्रान्सचे अलँ मास्कले यांची, १९८० च्या दशकातली, आणि मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात देखणी कल्पना. खराब हाड साफ केल्यावर पोकळीत हाडाचं सिमेंट ठेवतात, बहुतेक वेळा त्यात अँटिबायोटिक मिसळून. शरीर या परक्या वस्तूभोवती सहा ते आठ आठवड्यांत एक पातळ पापुद्रा तयार करतं. तो नुसता पापुद्रा नसतो. त्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, आणि रक्तवाहिन्या व हाड वाढवणारी प्रथिनं त्यातून पाझरतात. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये पापुद्रा जपून उघडतात, सिमेंट काढतात आणि त्या जिवंत पिशवीत रुग्णाच्याच हाडाचा चुरा भरून ती पुन्हा शिवून टाकतात. हाड कमरेतून घेतात, किंवा मांडीच्या हाडाच्या पोकळीतून खरवडून घेतात. मांडीतून मिळणारा चुरा बहुधा जास्त असतो आणि कमरेचं दुखणंही टळतं. सात सेंटीमीटरला चुरा बराच लागणार आहे, त्यामुळे तो कुठून घेणार हे सर्जनना जरूर विचारा.

तर ताई, दादांच्या पायात नवं, रक्त खेळतं हाड ‘पिकवण्याचं’ जे काम तुम्ही प्रयोगशाळेवर सोपवू पाहताय, ते या दोन्ही पद्धती शरीराकडूनच करवून घेतात. जुनं विरुद्ध नवं असा हा सामना नाहीच. पोकळीत रक्त कोणत्या वाटेने पोहोचवणार, हा खरा प्रश्न आहे.

तिसरी वाटही आहे, तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नव्हता. नडगीशेजारचं बारीक हाड, फिब्युला, त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिनीसकट काढून पोकळीत बसवायचं आणि ती वाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली तिथल्या वाहिनीला जोडायची. मेलबर्नच्या इयन टेलर यांनी हे करून दाखवलं आणि १९७५ मध्ये प्रसिद्ध केलं. झाड दुसरीकडे लावताना मुळांसोबतची माती उचलावी, तसंच हे. हाड जिवंतच येतं आणि भार पडेल तसं पुढच्या काळात जाडही होतं. पण त्याला रक्तवाहिन्या जोडणारी तरबेज टीम लागते, आणि ते जाड होईपर्यंत मोडायची भीती असते. दादांसाठी याचा विचार झाला का, आणि नसेल तर का नाही, एवढं विचारायला हरकत नाही.

तुमचं हाड देण्याबद्दल. विचारलंत हे समजू शकते, पण उत्तर नाही असंच आहे. तुमच्या हाडातल्या पेशी दादांच्या शरीरात टिकणार नाहीत, शरीर त्या परक्या समजून मारून टाकेल. दुसऱ्या माणसाचं हाड वापरतात, नाही असं नाही. हाडपेढ्यांमध्ये मृत्यूनंतर दान केलेलं किंवा सांध्याच्या ऑपरेशनमध्ये काढून टाकलेलं हाड तपासून, गोठवून ठेवतात. पण त्याचा उपयोग निर्जीव सांगाडा म्हणूनच होतो. मोठा तुकडा असेल तर तो वर्षानुवर्षं पूर्ण जिवंत होत नाही आणि मोडण्याचा, संसर्गाचा धोका राहतो. त्यासाठी धडधाकट बहिणीचं हाड कापायला कोणताही शहाणा सर्जन तयार होणार नाही.

आता प्रयोगशाळा. तिला मोडीत काढायचं माझ्या मनात नाही. कुठवर पोहोचलोय ते नीट कळावं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवलं, की खनिज काढून टाकलेलं हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवलं तर स्नायूत नवं हाड तयार होतं. म्हणजे हाडातच ‘हाड बनव’ असा निरोप देणारं काहीतरी आहे. ती प्रथिनं, बीएमपी, पुढे कृत्रिमरीत्या तयार करता आली. नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरच्या ४५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, जिचे निकाल २००२ मध्ये आले, जास्त मात्रेच्या बीएमपी-२ मुळे पुन्हा हस्तक्षेप करावा लागण्याची शक्यता ४४ टक्क्यांनी घटली. आकडा मोठा आहे, पण ती ताजी फ्रॅक्चर्स होती, सात सेंटीमीटरच्या पोकळ्या नव्हेत. आणि शरीरात जी प्रथिनं अतिसूक्ष्म प्रमाणात असतात ती इथे मिलिग्रॅमने द्यावी लागतात. हेच औषध मानेच्या मणक्यात वापरल्यावर घशाजवळ जीवघेणी सूज आल्याच्या तक्रारींमुळे अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००८ मध्ये इशारा दिला.

पेशींचं म्हणाल, तर २००१ मध्ये इटलीतून आणि रशियातून आलेल्या तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. अस्थिमज्जेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, सच्छिद्र सिरॅमिकवर पेरून, ४ ते ७ सेंटीमीटरच्या पोकळ्यांत बसवल्या होत्या. हाडं जुळली. सहा-सात वर्षांनी पाहिलं तेव्हाही चांगली होती, मात्र सिरॅमिक अजून तिथेच होतं, त्याची जागा हाडाने घेतलेली नव्हती. बघा, दादांच्या गॅपएवढीच पोकळी, आणि यश. मग इतक्या वर्षांनंतरही हे नेहमीचं ऑपरेशन का झालं नाही? रक्ताचं कारण वर सांगितलंच. शिवाय पेशी वाढवायला काही आठवडे, निर्जंतुक आणि कडक देखरेखीची प्रयोगशाळा लागते. प्रत्येक माणसाच्या पेशी सारख्या जोमाच्या नसतात. रोवलेल्या पेशींपैकी बऱ्याच लवकरच मरतात. आणि पेशींमुळे हाड जुळलं की नुसत्या सांगाड्याने आणि हाड घट्ट धरून ठेवल्याने, हे तीन रुग्णांवरून कळत नाही, त्यासाठी तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्या लागतात.

जर्मनीतल्या कील शहरात २००४ मध्ये रक्ताच्या अडचणीवर एक भन्नाट तोडगा काढला गेला. कॅन्सरमुळे खालचा जबडा गमावलेल्या माणसासाठी टायटॅनियमच्या जाळीचा पिंजरा बनवला, त्यात हाडाच्या खनिजाचे ठोकळे, बीएमपी-७ आणि त्याचीच अस्थिमज्जा भरली, आणि हा पिंजरा सात आठवडे त्याच्या पाठीच्या स्नायूत ठेवला. तिथे रक्तवाहिन्या आत शिरल्या, हाड धरलं, मग स्नायू आणि रक्तवाहिनीसकट तो जबड्यात बसवला. प्रयोगशाळेचं काम इथेही शेवटी माणसाच्या पाठीनेच केलं.

तुम्ही वाचलेली नडगीची बातमी बहुधा ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची, २०१७ ची असावी. डिटमार हुटमाखर यांच्या संशोधनातून आलेला छापील सांगाडा नडगीच्या ३६ सेंटीमीटर भागासाठी वापरला गेला. पण त्या सांगाड्याभोवती रुग्णाच्या शरीरातलीच, रक्तवाहिन्या असलेली ऊती गुंडाळली होती. बातमीच्या मथळ्यात प्रिंटर होता, यशाचा निम्मा भार मात्र या ऊतीवर होता. आणि तो पाय कापण्याखेरीज फारसा पर्याय उरला नव्हता अशा स्थितीतला प्रयत्न होता. तुमच्या दादांपुढे आज दोन-तीन चांगले पर्याय आहेत.

दोन-तीन वर्षांत हे सगळीकडे मिळू लागेल का? माझा अंदाज असा, की विरघळणारे सांगाडे आधी मदतनीस म्हणून येतील: मास्कलेच्या पापुद्र्याच्या आत, रुग्णाच्याच हाडाच्या चुऱ्यासोबत, चुरा कमी पडतो म्हणून. असं काही तुमच्या सर्जनच्या केंद्रात होत असेल तर जरूर विचारा. तेवढ्यासाठी ऑपरेशन पुढे ढकलू नका.

त्या खासगी केंद्राबद्दल मात्र मी मवाळ बोलणार नाही. रक्कम भरू नका. महिनाअखेरची मुदत हीच मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. उपचाराची घाई दादांच्या पायामुळे असू शकते, हिशोबाच्या तारखेमुळे नाही. पॅकेजमधलं ‘स्टेम सेल’ म्हणजे नेमकं काय, हे त्यांच्याकडून लिहून मागा. अनेकदा ती कमरेतून काढलेली आणि गाळून दाट केलेली अस्थिमज्जाच असते. तिचाही उपयोग होतो, पण कुठे? फ्रान्समधल्या एका अभ्यासात, २००५ चा आहे, न जुळलेल्या ६० नडग्यांमध्ये अशी मज्जा टोचली आणि ५३ जुळल्या. तिथे टोकं एकमेकांजवळ होती, मधे फक्त हाड धरत नव्हतं. ते यश दाखवून सात सेंटीमीटरच्या पोकळीसाठी पैसे मागणं ही फसवणूक आहे. कोणी एक्स-रे दाखवून ‘बघा, भरलं’ म्हणालं तर तेही जपून घ्या. सिरॅमिक एक्स-रेवर पहिल्या दिवसापासून पांढरंच दिसतं. हाड खरंच आरपार जुळलंय का ते सीटी स्कॅनवर आणि भार टाकून चालल्यावर कळतं.

तुमच्यासारख्या स्थितीतल्या इतर वाचकांनाही हे उपयोगी पडेल. खरी चाचणी सार्वजनिक नोंदवहीत नोंदलेली असते, जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावर अशा नोंदी एकत्र शोधता येतात. पण नोंद आहे म्हणजे मान्यता आहे असा अर्थ नाही. ती कोणत्या टप्प्यावरची चाचणी आहे, तुलना कशाशी आहे, तुमच्यासारखी पोकळी असलेले रुग्ण त्यात घेतात का, ते पाहा. संसर्ग होऊन गेलेल्यांना बऱ्याच चाचण्या घेतच नाहीत. प्रयोगात भाग घेण्याचे पैसे रुग्णाकडून मागत असतील तर उठून यायचं. आणि एक प्रश्न कोणी विचारत नाही, तो नक्की विचारा: ‘हे फसलं, तर नंतर रिंग किंवा ग्राफ्टची वाट उघडी राहील ना?’ फसलेला सांगाडा संसर्गासकट काढावा लागला तर पोकळी सातची दहा होऊ शकते.

आता पत्रातल्या ज्या ओळीवरून तुम्ही भरकन पुढे गेलात तिच्याकडे येते. दादांनी पाय काढण्याबद्दल विचारलं आणि तुम्ही सगळ्यांनी त्यांना गप्प केलंत. तुम्हाला वाटलं, ते खचलेत. असतीलही. पण प्रश्न खुळा नव्हता. अमेरिकेतल्या आठ मोठ्या ट्रॉमा केंद्रांत पायाला गंभीर इजा झालेल्या ५६९ रुग्णांचा पाठपुरावा झाला, निकाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींचा पाय वाचवला होता, काहींचा काढला होता. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या हालचालीत, रोजच्या जगण्यात लक्षणीय फरक नव्हता. कामावर परतलेलेही दोन्हींकडे जवळपास निम्मेच. पाय वाचवलेल्यांना मात्र पुन्हा रुग्णालयात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण जास्त होतं: सुमारे ४८ टक्के, पाय काढलेल्यांमध्ये ३४. परिणाम वाईट कोणाचे झाले? ज्यांना वारंवार भरती व्हावं लागलं, जे सिगारेट ओढत होते, ज्यांच्यामागे आधार देणारी माणसं नव्हती, आणि ज्यांचा ‘मी यातून निभावेन’ हा विश्वासच उडाला होता.

दादांनी पाय काढावा असं मी सुचवत नाहीये. तळव्याला संवेदना असेल, घोटा हलत असेल, संसर्ग आटोक्यात असेल, तर ३४ व्या वर्षी पाय वाचवायची धडपड करण्यासारखीच आहे. पण वर्षभर फ्रेम वागवायची ती त्यांनी. त्यांच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळालं नाही, तर ते तुमच्या आग्रहाखातर रिंग लावून घेतील आणि चौथ्या महिन्यात पिना दुखू लागल्या की सगळ्यांवर चिडतील. त्यांना विचारा, की पाय त्यांना कशासाठी हवाय. उभं राहून करायचं काम आहे का, किती लवकर परतायचंय, किती ऑपरेशनं सोसायची तयारी आहे. जमलं तर रिंगमधून गेलेल्या एका माणसाशी आणि कृत्रिम पायावर चालणाऱ्या एका माणसाशी त्यांची गाठ घालून द्या, सर्जन किंवा फिजिओथेरपिस्ट अशा भेटी बहुधा जुळवून देतात. त्या वेळी तुम्ही खोलीबाहेर थांबा.

दुसरं मत जरूर घ्या, पण अशा पोकळ्या नेहमी हाताळणाऱ्या आणि हाडांचे सर्जन, प्लास्टिक सर्जन व संसर्गाचे तज्ज्ञ एकत्र बसून ठरवतात अशा ठिकाणी. जाताना सगळे जुने एक्स-रे, सीटी, आधीच्या ऑपरेशनांचे कागद आणि विशेषतः पू आणि हाडाच्या कल्चरचे (जंतू ओळखण्याच्या तपासणीचे) रिपोर्ट घेऊन जा. कोणता जंतू होता आणि तो गेला का, याच्या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे. संसर्ग शिल्लक असताना कोणतंही हाड, कोणताही सांगाडा धरत नाही.

सिगारेटबद्दल भाषण देत नाही, दादांनी ती खूप ऐकली असतील. त्यांना एवढंच सांगा, की निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि आपली सगळी लढाई त्या पोकळीत बारीक रक्तवाहिन्या नेण्याची आहे. सोडायला मदत लागेल, औषधं आणि समुपदेशन दोन्ही मिळतं, ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी सुरू व्हायला हवं. मधुमेह आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. दुखण्याच्या गोळ्या कोणत्या चालल्यात ते सर्जनना दाखवा, त्यांतल्या काही हाड जुळणं लांबवू शकतात. घोटा आणि गुडघ्याचे व्यायाम फ्रेममध्येही करता येतात, आणि उपचार कोणताही ठरला तरी पाय वाचवायचा तर घोटा हलता लागतोच. तेव्हा फिजिओथेरपिस्टची वेळ या आठवड्यातच घ्या, सर्जनच्या पुढच्या तारखेची वाट पाहू नका.